वेगळी निघाले तो फाल्गुन

फाल्गुन लागला आणि माझ्या लेकीनं मला बजावलं, "आई, यंदा कुणाला दारातून परत लावायचं नाही हं." लेक बाळंतपणाला माझ्याकडे जळोचीला आली आहे आणि तान्हं बघायला येणाऱ्यांची रीघ काही थांबत नाही. मी बरं म्हणाले आणि दारातच खुर्ची टाकून बसले. काल समोरच्या बंगल्यातल्या वहिनी आल्या. हातात झबलं-टोपडं, नाक लाल, आवाज बसलेला. मी झबलं घेतलं, चहा ओसरीवर दिला आणि बाळ खिडकीच्या काचेतून दाखवलं. "नुसती सर्दी आहे हो," त्या म्हणाल्या. "नुसत्या सर्दीलाच मी भिते," मी म्हणाले, "बऱ्या झालात की या, पुरणपोळी करते." त्या फणकाऱ्यानं निघून गेल्या. लेकीनं कपाळाला हात लावला. लावू दे. तिच्या वयाची असताना मी याहून मोठा अपमान करून बसले आहे, आणि त्याचा मला आजही रतीभर पश्चात्ताप नाही.

फाल्गुनाचं आणि माझं जुनं वैर आहे. तसा हा महिना मला आवडतो, उगाच खोटं कशाला बोलू? थंडी गेलेली असते आणि ऊन अजून अंगावर धावून येत नाही. कडुनिंबाला तांबूस, ओलसर पालवी फुटते. गव्हाच्या मळणीचा भुसा वाऱ्यावर चढतो आणि दोरीवरच्या धुतल्या कपड्यांत जाऊन बसतो, मग दिवसभर पाठ खाजते. कारखान्याचा हंगाम संपत आलेला असतो, म्हणून उसाच्या ट्रॉल्या दिवसरात्र पळतात आणि मळीचा आंबूस वास थेट घरातल्या हंड्यापर्यंत येतो. गावोगावच्या जत्रा असतात, लग्नं ठरवायच्या बैठका असतात. माहेरवाशिणी येतात-जातात आणि एकाच वाकळेवर चार घरची पोरं झोपतात. नेमकं हेच सगळं गोवराला मानवतं. माणसं एकमेकांच्या जवळ येण्याचा महिना त्यानं बरोब्बर हेरलेला आहे.

मी सांगतेय तो फाल्गुन नव्वदच्या दशकातला. माझं सासर इंदापूर तालुक्यात, कालव्याच्या फाट्यावरच्या एका गावात. सासरे, म्हणजे आबा, मूळचे मेंढरांमागे फिरणारे. पाणी आलं, ऊस आला, तशी त्यांनी मेंढरं विकली आणि कारखान्याचे सभासद झाले. रानोमाळ मुक्कामाला लागायचं ते कापडी पाल तेवढं गुंडाळून माळ्यावर ठेवलं होतं. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. घर चालवायची ती माझी थोरली जाऊ, कमल. मी तिला अक्का म्हणायचे. थोरले दीर उसाच्या ट्रॅक्टरवर, आमचे हे कारखान्यात पाळीला, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघी, आबा, अक्काचा चार वर्षांचा अमोल आणि माझी पाच महिन्यांची मनी, आता बाळंतपणाला आलेली हीच लेक. अक्कानं मला कधी जाच केला नाही. माझ्या बाळंतपणात तिनं मला भांड्याला हात लावू दिला नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून कुणी घाईनं तिला वाईट ठरवणार नाही.

त्या फाल्गुनात अक्का अमोलला घेऊन माहेरी, बावड्याला, जत्रेला गेली. ती गेल्यावर उपकेंद्रातल्या सिस्टरबाई लुनावरून आल्या आणि अंगणवाडीत बसल्या. बावड्याच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांवर गोवर आहे, असं त्या म्हणाल्या. मी मनीला पुढं केलं. "हिला टोचा."

"नऊ महिने भरल्यावर. आत्ता नाही चालत."

"मग तोवर काय करायचं?"

"तोवर आजूबाजूच्या पोरांनी घेतलेली लस हीच हिची लस. त्यांना झाला नाही तर हिला कुठून होणार?"

माझ्या डोळ्यांपुढे अमोल आला. त्याची लस राहूनच गेली होती. टोचायच्या दिवशी त्याचं नाक वाहत होतं म्हणून अक्कानं त्याला अंगणवाडीच्या दारातून परत आणलं होतं, आणि मग बाजरीची काढणी, मग दिवाळी, मग कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. मी सिस्टरबाईंना विचारलं, गोवर नेमका येतो कसा? शिवल्यानं? उष्ट्यानं?

त्या म्हणाल्या, "शालन, चुलीवर मिरचीची फोडणी दिली की पलीकडच्या खोलीतल्याला ठसका लागतो का नाही? त्यानं मिरचीला हातसुद्धा लावलेला नसतो. गोवराचा विषाणू तसाच श्वासातून पसरतो. खोकणारं पोर खोलीतून निघून गेलं तरी खोलीतल्या हवेत तो कितीतरी वेळ राहतो. आणि पुरळ दिसायची वाट बघत बसू नका. आधी नुसतं पडसं, ताप, खोकला, लाल पाणावलेले डोळे. पसरायला सुरुवात तेव्हाच होते. अंगावर उठेपर्यंत घरोघर वाटून झालेला असतो."

ज्याला एकदा होऊन गेला त्याला सहसा परत होत नाही, त्याची ये-जा चालते, असंही त्यांनी सांगितलं. मला होऊन गेला होता. कधी झाला होता ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आता सांगते. मी दुसरीत होते, वरकुट्याला, माझ्या माहेरी. माझ्या पाठचा भाऊ दिगू आणि मी, दोघांना एकदमच आला. घरात बाई, म्हणजे देवी, आल्या म्हणून आईनं दाराला निंबाचा डहाळा बांधला, फोडणी बंद केली, खोलीत अंधार केला. बाहेरच्या माणसाला मज्जाव, पण भावकीला मोकळीक, आणि भावकी म्हणजे अर्धं गाव. बाया दहीभात घेऊन यायच्या आणि आपल्या पोरांना आमच्या पाया पडायला लावायच्या. मला त्या वयात त्याची गंमतच वाटली होती. माझं पुरळ मावळलं आणि मी उठून बसले. दिगूचंही मावळलं, पण त्याचा श्वास भराभर चालायला लागला. पोट आत ओढलं जायचं, फासळ्या वर यायच्या. आई म्हणाली, डॉक्टरकडे नेते. बाया म्हणाल्या, बाई घरात असताना सुई टोचली तर कोपतील, जराशी दमानं घे. आई थांबली. दिगूला गोवरानं नेलं असं सगळे म्हणाले. मी म्हणते, त्याला आमच्या घराच्या अदबीनं नेलं. आलेल्या बायांना दुखवायचं नाही, मोठ्यांच्या पुढं जायचं नाही, ही आमची अदब. त्यात माझा भाऊ गेला. मला तेव्हा राग करायचं कळत नव्हतं म्हणून रडले. राग पुढं आला आणि आला तो मुक्कामालाच राहिला.

अक्का परत आली तेव्हा दुपार कलली होती. मनीला न्हाऊ घालून मी तिला मांडीवर थोपटत होते. रस्त्यावर जीप थांबली आणि अंगणातून हाक आली, "शालन, पायावर पानी आन गं." मी उठले. उंबऱ्यात अमोल उभा होता. डोळे लाल, पाण्यानं डबडबलेले. उजेड सोसत नाही म्हणून तो एका हातानं डोळे झाकत होता. दुसऱ्या हातात जत्रेतला खुळखुळा होता, मनीसाठी आणलेला. तो खोकला. कोरडा, ढास लागल्यासारखा खोकला. दिगूच्या खोकल्याची सुरुवात मला पाठ होती.

"धूळ लागली वाटंत, पडसं झालंय जरा," मागून अक्का म्हणाली.

अमोल खुळखुळा वाजवत मनीकडे यायला निघाला. मी मनीला छातीशी धरलं, वळले आणि मागच्या दारानं बाहेर पडले. घरचं माणूस पुढच्या दारानं आत येत असताना सुनेनं मागच्या दारानं चालतं व्हायचं, याचा अर्थ आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. गोठ्यापाशी उभी राहून मी ओरडून सांगितलं, "अक्का, त्याला गोवर हाय. मी पोरीला घिऊन रानात चालले."

"गोवर? माज्या लेकराला?" अक्काचा आवाज चिरला. "जीभ कशी उचलती गं तुजी?"

त्या पोराचा चेहरा मी पुन्हा वळून बघितला नाही. बघितला असता तर माझा पाय निघाला नसता.

आमचं रान घराच्या पूर्वेला, दोन बांध ओलांडून. ऊस नुकताच तुटला होता आणि पाचट गुडघ्याएवढं पडलं होतं. मी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत शिरले. आत ग्रीसचा वास, कोंदट हवा आणि बसायला एक पोतं. तिथं मनीला घेऊन बसले. आता पुढं काय, हे मी ठरवलंच नव्हतं. तेवढ्यात बाहेर खाकरल्यासारखा आवाज आला. आबा होते, खांद्यावर पाल, काखेत घोंगडं, हातात काठी.

"भाईर ये पोरी. तितं इच्चू हायती."

"आबा, मी काय भांडून आले न्हाय..."

"कोन म्हंतंय तू भांडलीस? मेंढरांच्या खांडात खोकला शिरला की कोकरं आदी येगळी काडायची. मी काय मेंढीला इचारत बसलो न्हाय कंदी." एवढं बोलून त्यांनी पाचट बाजूला सारलं आणि कडुनिंबाच्या सावलीला पाल ठोकलं.

आबांना विषाणू वगैरे काही ठाऊक नव्हतं. धुरानं सगळं मरतं यावर त्यांची श्रद्धा होती. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी पालाच्या तोंडाशी शेण्या आणि ओला निंब पेटवला. माझ्या नाकातोंडात धूर गेला. "आबा, धुरानं गोवर मरंस्तवर मनीच मरंल," मी म्हणाले. ते कुरकुरत शेकोटी लांब घेऊन गेले. त्यांना स्वतःला लहानपणीच गोवर होऊन गेला होता, म्हणून त्यांची घराकडे ये-जा चालली. झोपायला मात्र रानातच. पालाबाहेर घोंगडं टाकून ते आकाशाकडे बघत पडायचे आणि कुठल्या मुक्कामाला कसं पाणी होतं ते सांगत बसायचे. पक्क्या घरात त्यांना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला तर वाटतं, गोवराचं निमित्त त्यांना हवंच होतं.

पालातले ते दिवस मला दुःखाचे म्हणून आठवतच नाहीत. सकाळी पाचटावर दव असायचं आणि उसाच्या बुडख्यातून खोडव्याचे कोवळे कोंभ वर यायचे. मनी पाटाच्या पाण्याचा आवाज ऐकत पाय झाडायची. दुपारी तांबट पक्षी एकसुरी ठोकत बसायचा. हे पाळीवरून सुटले की सायकल बांधाला लावून लांबूनच मनीला नकला करून दाखवायचे. यांना गोवर झाला होता की नाही हे सांगायला सासूबाई नव्हत्या, आणि आबांना मेंढरांचं सगळं आठवायचं पण पोरांचं काही नाही. म्हणून मी यांना बांधाच्या अलीकडे येऊ दिलं नाही. एका सकाळी मनी शिंकली. मग पुन्हा शिंकली. मी तिला उघडी करून तिच्या कानामागे, मानेवर, पोटावर पुरळ शोधत राहिले. आबा म्हणाले, "पाचटाचा कुसपट गेला आसंल नाकात." तसंच होतं. तरी संध्याकाळपर्यंत मी तिच्या कानामागे पुन्हा पुन्हा बघत राहिले.

भाकरी रोज घरून यायची, आबांच्या हाती. अक्का माझ्याशी बोलत नव्हती, पण भाकरी तीच थापायची. फडक्याची गाठसुद्धा तिची, घट्ट, दातांनी सोडवावी लागणारी.

आणि मग आले तात्या. तात्या म्हणजे आबांचे चुलतभाऊ, भावकीतले वडीलधारे. सोबत दोघेजण, टोप्या घालून, अगदी बैठकीच्या तयारीनं. मी पालात पदर सावरून बसले. तात्यांनी घसा खाकरला.

"सूनबाई, जे काय आसंल त्ये मोकळ्या मनानं सांग. इहिरीकडचं पायजे का फाट्याकडचं?"

मला आधी कळेचना. मग उजेड पडला. सून पोर घेऊन रानात गेली म्हणजे वेगळी निघाली, वाटणी मागतेय, असा साऱ्या गावानं अर्थ लावला होता. आमच्याकडे घरातून बाहेर पडायला दुसरं कारणच माहीत नव्हतं. भावाभावांनी तुटावं हे त्यांच्या ओळखीचं होतं. पोरीला खोकल्यापासून लांब ठेवायला कुणी रानात राहतं, हे त्यांच्या बापजाद्यांनीही ऐकलं नव्हतं.

"तात्या, मला जिमीन नगं, मोकळी हवा पायजे," मी म्हणाले. "घरातला गोवर सरंस्तवर मी हितंच ऱ्हानार."

"गोवर कुठाय? पोराला निस्तं पडसं हाय!"

"आज पडसं हाय. उद्या-परवा अंगावर यील. तुमच्या नातवंडांना तिकडं धाडू नगा."

"एका पोरीच्या पायी घर मोडती व्हय गं?" तात्यांच्या सोबतचा म्हणाला. मला तो शब्द लागला. एका पोरीच्या पायी. पोरगा असता तर कुणी पायी म्हणालं नसतं.

"पोरगी हाय म्हनूनच," मी पालातून मोठ्यानं म्हणाले. "तिच्यासाटी दुसरं कोन निगनार हाय घरातनं?"

सुनेनं भावकीपुढं इतकं बोलायची पद्धत नव्हती. आबा आता काय म्हणतात म्हणून मी पालाच्या फटीतून बघितलं. आबा पाचटावर बसून काठीनं माती उकरत होते. ते म्हणाले, "तात्या, वाटनी करायचीच आसंल तर आदी या पालाची कर. अर्दं पाल माजं हाय, आनि म्या काय सोडत न्हाय बग." तात्या चडफडत उठले. टोप्या बांधावरून दिसेनाशा होईस्तोवर आबा हसत होते.

दोन दिवसांनी भाजी बिनफोडणीची आली. वांगी नुसती उकडलेली, वर मीठ. गाठोडं सोडलं आणि मला कळलं. घरात बाई आल्या होत्या. अमोलच्या अंगावर उठलं होतं.

माझं म्हणणं खरं ठरलं. निदान आता तरी गावाला पटेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. तिच्या तोंडातून निघालं म्हणून आलं, असं सुरू झालं. बाईंकडे पाठ करून गेली, म्हणून कोपल्या. पाणवठ्यावर माझं नाव निघालं की बाया कडाकडा बोटं मोडायच्या. तात्यांची बायको अमोलच्या उशाशी ठाण मांडून बसली आणि दहीभाताची रीघ लागली, पोराबाळांसकट. मी आबांच्या हाती निरोपावर निरोप धाडले. पोरं आत येऊ देऊ नका. खिडकी उघडा. त्याला पाणी पाजा, खाऊ घाला. जमलं तर मला भेटायला या, पोराला घरी ठेवून. तुम्हाला होऊन गेलाय, तुमचं येणं चालतं. फक्त त्याच्या श्वासाचा वारा मनीला लागायला नको. आबा परत आले की मी विचारायची, अक्का काय म्हणाली? "कायबी न्हाय. आयकून घेती आनि चुलीकडं बगती."

माझं बाईंशी भांडण नाही, हे लोकांना अजून कळत नाही. तापलेल्या लेकराला आईनं देवी समजावं, त्याच्याशी हळू बोलावं, घरात आदळआपट करू नये, यात वाईट काय आहे? दाराला डहाळा बांधणाऱ्या जुन्या माणसांनाही मी हसत नाही. आत आजार आहे, जरा जपून, हेच तो डहाळा सांगत होता. त्यांचं चुकलं ते दोन ठिकाणी. डहाळा बांधला जायचा तो पुरळ दिसल्यावर, जेव्हा पडसं चार घरं फिरून आलेलं असायचं. आणि बाई आहेत म्हणून औषध नको, हे दुसरं. कुठली आई लेकराला श्वास लागलेला बघून म्हणेल की डॉक्टरला बोलावू नका, माझा मान जातो? असली देवी मी मानत नाही आणि माझी खात्री आहे, तीही अशा मानाला विटली असेल.

अलीकडे साऱ्या जगानं तोंडाला फडकी बांधली, तेव्हा आमच्या गल्लीत लोक मला म्हणाले, काकू, तुम्हाला बरं जमतं हे अंतर ठेवणं. जमत नाही हो. कुणालाच जमत नाही. आपल्या माणसाला लांब राहा म्हणणं तेव्हाही जड जायचं, आताही जातं. काल त्या वहिनींना काचेतून बाळ दाखवताना मला काय आनंद झाला असेल? पण लस घ्यायला, खोकणाऱ्यानं तान्ह्यापासून लांब राहायला आणि घराची खिडकी उघडायला पैसा लागत नाही. लागतो तो थोडा वाईटपणा. तो आपल्याकडे कुणी घेत नाही, म्हणून मी घेते.

रंगपंचमी झाली. अमोलचं पुरळ काळवंडायला लागलं होतं आणि मी आशेवर होते. संध्याकाळी आबा आले ते भाकरीशिवाय.

"पोराचं प्वाट आत वडतंय गं. फासळ्या दिसाय लागल्या. बाई मागं फिरंनात."

"दवाखान्यात न्या आबा, आत्ताच्या आत्ता!"

"कमळीला कोन सांगनार? तात्याची बायकू हालू दीना. बाईचा निरोप हुस्तवर उंबरा वलांडायचा न्हाय म्हंती."

मग मी आबांना दिगूचं सगळं सांगितलं. लग्न झाल्यापासून या घरात ते नाव मी काढलं नव्हतं. पोट कसं आत जायचं, नाकपुड्या कशा फुलायच्या, आई कशी थांबली. हे जसंच्या तसं अक्काला सांगा म्हणाले. आबा आल्या पावली परत गेले. मी मनीला घेऊन बसून राहिले. उजाडलं तरी आबा आले नाहीत. आता मी ठरवलं होतं, आबा आले की मनीला त्यांच्या हवाली करायची आणि घरात घुसून अमोलला उचलून बारामतीला न्यायचं, मग कुणी काही म्हणो.

दुपारी पश्चिमेचा वारा सुटला. पाचट भिरभिरायला लागलं. घराकडून येणारी पायवाट पश्चिमेची, मी तिकडेच डोळे लावून उभी होते. हाक आली ती मागून.

"शालन!"

पूर्वेच्या बांधावर अक्का उभी होती. खांद्यावर अमोल, लुगड्यात गुंडाळलेला. मी धावत निघाले.

"तितंच थांब! म्होरं यिऊ नगं. पोरगी हाय तुज्या कडंवर."

मी थांबले. आमच्यामध्ये तुटलेल्या उसाचा सगळा पट्टा होता. अक्कानं बांधावर बसून अमोलचा सदरा वर केला.

"हितनं बग. तुज्या दिगूचं आसंच हालत हुतं का?"

एवढ्या लांबूनही दिसत होतं. इवलंसं पोट भराभर आत जात होतं आणि गळ्याखाली खड्डा पडत होता. मी घशाच्या शिरा ताणून ओरडले, "व्हय अक्का! आसंच! थांबू नगा!"

"बाई कोपत्याल म्हंत्यात."

"कोपल्या तर माज्यावर कोपू द्या. माजं नाव सांगा त्यास्नी."

अक्का उठली. पोराला पुन्हा खांद्यावर टाकलं. "तुजं कशाला? माजं त्वांड काय शिवलंय व्हय?" ती म्हणाली, आणि कालव्याच्या रस्त्याकडे निघाली. तिथं आमचे हे कुणाची तरी मोटारसायकल मागून आणून उभे होते. बाई अंगात असलेलं पोर घेऊन, मोकळ्या केसांनी, ती गावच्या पारावरून बारामतीला गेली. पारावर तात्या होते. त्यांनी हात आडवा केला होता म्हणे. अक्कानं यांना सांगितलं, "भावजी, गाडी थांबवायची न्हाय."

अमोल वाचला. छातीत न्यूमोनिया भरला होता. आणखी एक रात्र काढली असती तर बोलण्यासारखं काही उरलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. त्याला ऑक्सिजन लावला, औषधं दिली, डोळ्यांसाठी अ जीवनसत्त्वाचा डोस पाजला. मनीला गोवर झालाच नाही. नऊ महिने भरल्यावर तिला मी टोचून घेतलं. कुणी म्हणतं, रानात गेली नसती तरी झाला नसता. म्हणू दे. मी काही तिच्यावर प्रयोग करून बघणार नव्हते.

पण या सगळ्या गोष्टी नंतरच्या. त्या दुपारी अक्का दिसेनाशी झाली तरी मी मनीला घेऊन तशीच उभी होते. पाचट माझ्या पाठीवर आदळून पुढं, पूर्वेच्या बांधाकडे उडत होतं, आणि एकदम माझ्या लक्षात आलं. घरापासूनची सरळ वाट पश्चिमेची. त्या वाटेनं ती आली असती तर पोराच्या श्वासावरून आलेला वारा थेट मनीच्या तोंडावर आला असता. म्हणून ती वाट सोडून, भर उन्हात, खांद्यावर धापा टाकणारं पोर घेऊन, अख्ख्या रानाला वळसा घालून ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला येऊन उभी राहिली होती. चुलीकडे बघत ऐकलेला माझा प्रत्येक निरोप तिनं मनात धरला होता. पोटचं लेकरू हातातून निसटत असताना तिनं माझ्या लेकीसाठी वारा बघितला.

माझ्या अक्काला कुणी अडाणी म्हटलं की मी त्याला चहासुद्धा देत नाही.